कोंडलेला श्वास

आमच्या घरातील दम्याचा अंमल वडिलांपासूनचा. मामलेदार कचेरीच्या दप्तरखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि पावसाळ्यात ओल धरलेले जमाबंदीचे रुमाल सोडले की त्यांची छाती भरून येई. मग उत्तररात्री उशांच्या उतरंडीला टेकून, मधूनच गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकत ते पहाटेची वाट पाहत, आणि अंधारात त्यांचा श्वास शिळेसारखा बारीक वाजत राही. पुढे चरकसंहितेतील तमकश्वासाचे वर्णन वाचताना, मेघ दाटले की वाढणारा, निजल्याने बळावणारा व बसल्याने काहीसा निवणारा हा विकार कोणा वैद्याने इतक्या प्राचीन काळी किती ममतेने न्याहाळला असेल, या विचाराने मी सद्गदित झालो.

माझ्या वाट्याला तो शाळकरी वयातच आला. अडुळशाचा काढा झाला, कोजागिरीच्या खिरीतून मिळणारे औषधही झाले. हवा आत घेण्यापेक्षा घेतलेली हवा बाहेर टाकणे अधिक दुष्कर होते, हे मात्र निरोगी माणसाला सांगूनही उमगत नसे. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ उरलीसुरली वाट अडवतो, आणि जुना श्वास कोंडून राहिल्यामुळे नव्याला जागाच उरत नाही.

कोणाला परागकण बाधतात, कोणाला धूर, थंड वारा वा साधे पडसे. आनुवंशिकतेचाही वाटा असतोच. वडिलांचा संशय धुळीवर होता. 1964 साली लायडेनच्या फूरहोर्स्टप्रभृती संशोधकांनी घरच्या धुळीतील एक मुख्य अपराधी दाखवून दिला: माणसाच्या गळलेल्या त्वचेवर जगणारा, कोळ्याच्या वर्गातील एक अतिसूक्ष्म जीव. त्याचा मुक्काम गाद्या-उशांत असतो. म्हणजे ज्या उशांचा वडिलांना आधार वाटे, त्यांतही तो असणारच.

1969 साली साल्ब्युटामॉलचा आणि 1972 साली बेक्लोमेथासोनचा फवारा आला. पहिला आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. दुसरा सूज शमवतो, म्हणून तो बरे वाटत असतानाही नित्य घ्यावा लागतो. ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने आजही कित्येक आईबाप तो टाळतात, याचे मला अतीव दुःख होते; कारण साल्ब्युटामॉलची गोळी मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते, तर फवाऱ्याची मात्रा केवळ 100 मायक्रोग्रॅम, आणि तीही थेट श्वासमार्गात जाणारी.

माझ्या नातीच्या शाळेत मुलांची औषधे कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा रिवाज आहे. धाप किल्लीसाठी थांबत नाही. तेव्हा पंप मुलीजवळच असू द्यावा, असा अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह मी मुख्याध्यापकांकडे गुदरला आहे.