माल पोचलाच नाही

मला रॉक संगीतातलं काही कळतं, असा कृपया कुणी समज करून घेऊ नये. मी बी.कॉम. आहे. 'ड्रम' म्हटलं की मला आधी पाण्याचं पिंप आठवतं आणि 'रेकॉर्ड' म्हटलं की ऑडिटच्या आदल्या दिवशी हमखास न सापडणारं कपाटातलं बाड. तरीसुद्धा गेले सहा महिने मी अमेरिकेतल्या मेम्फिस गावच्या चार पोरांच्या एका रेकॉर्डचा फुकट प्रचारक म्हणून हिंडतो आहे. कॅश काउंटरवरचा शिपाईदेखील मला पाहिला की "साहेब, चहा सांगून येतो" म्हणून सटकतो. हिनं तर घरात दंडकच घातलाय, की पाहुण्यांपुढं मेम्फिस काढायचं नाही.

याला कारण आमची कन्या. ती यंदा तेराव्यात गेली आणि गिटारच्या क्लासलाही गेली. तिथल्या सरांनी तिला 'थर्टीन' नावाचं एक गाणं बसवायला दिलं. आता भिंतीपलीकडं एकच गाणं तीन महिने वाजत असलं की बापापुढं दोनच मार्ग उरतात, एक तर घर सोडणं किंवा गाणं आवडून घेणं. घराचे हप्ते २०३४ पर्यंत आहेत, तेव्हा मी दुसरा मार्ग पत्करला. गाण्यातला मुलगा शाळा सुटल्यावर मुलीला घरापर्यंत सोडू का, असं विचारतो. पुढं तिच्या वडिलांनाही काही निरोप पाठवतो. वडील या नात्यानं माझी त्या ओळीला हरकत आहे. पण दोन साध्या गिटारी आणि एक जपून गाणारा आवाज, एवढ्या भांडवलावर इतकं खरं काही उभं राहू शकतं हे मी कबूल करून टाकलं. मग मूळ गाणाऱ्यांचा शोध घेतला आणि एकदम तोंडावरच आपटलो, कारण त्या मंडळींचं नाव होतं 'बिग स्टार' आणि त्यांच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डचं नाव 'नंबर वन रेकॉर्ड'!

आपल्याकडं पोराचं नाव कुबेर ठेवलं की तो हमखास उधारीवर जगतो, त्यातलाच हा प्रकार. बरं, 'बिग स्टार' हे नावही काही गर्वानं ठेवलेलं नव्हे. आर्डेंट नावाच्या ज्या स्टुडिओत ही पोरं वाजवत, त्याच्या समोर त्याच नावाचं किराणा सामानाचं दुकान होतं. भूक लागली की तिथून काहीबाही आणून खात. म्हणजे आपल्या पोरांनी वाद्यवृंदाला 'अपना बझार' नाव द्यावं, तसं.

चौघांत दोघे प्रमुख. अ‍ॅलेक्स चिल्टन हा वयाच्या सोळाव्या वर्षीच प्रसिद्ध होऊन बसलेला. १९६७ साली 'बॉक्स टॉप्स' या मंडळींबरोबर त्यानं गायलेलं 'द लेटर' हे गाणं अमेरिकेत सगळ्यांत वर होतं. दुसरा ख्रिस बेल, रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर जीव टाकणारा, सूर तिळभर इकडंतिकडं झाला तर झोप न लागणारा. बेसवर अँडी हमेल, ड्रमवर जोडी स्टीफन्स. आणि काचेपलीकडं आर्डेंटचे मालक जॉन फ्राय. त्यांचा कान असा, की पन्नास वर्षांपूर्वीचं हे ध्वनिमुद्रण आज ऐकताना त्यातली गिटारची तार स्टीलच्या ताटावर पडलेल्या चमच्यासारखी लखलखीत ऐकू येते.

१९७२ साल. त्या काळात रॉकवाले एकेक गाणं वीस-वीस मिनिटं ताणत होते, म्हणजे आमच्या वार्षिक सभेतलं अध्यक्षीय भाषणच. या पोरांनी मात्र लहान लहान बारा गाणी केली. पहिल्या 'फील'मध्ये बेल असा ताणून गातो की शेजाऱ्यांनी येऊन विचारावं, काही हवंय का? 'इन द स्ट्रीट' म्हणजे गावातल्या रस्त्यांवर गाडी घेऊन निरुद्देश भटकणाऱ्या पोरांचं गाणं. आमच्या वेळी गाडी नव्हती, बाकी निरुद्देश आम्हीही होतो. पण माझं विचाराल तर सगळ्यांत वर 'द बॅलड ऑफ एल गुडो'. चिल्टन त्यात अजिबात आरडाओरडा न करता एवढंच सांगतो, की समोर कितीही मोठे लोक असोत, मी काही हटत नाही. आणि मग बाकीच्यांचे आवाज त्याच्या मागं येऊन उभे राहतात. बढतीची यादी लागते त्या दिवशी मी हे गाणं दोनदा ऐकतो. दुसरी बाजू हळुवार आहे, तिच्यावर फार लिहीत नाही. शेवटचं गाणं जेमतेम मिनिटभराचं, पाहुणे चप्पल घालता घालता बोलतात तेवढंच.

यात एक 'द इंडिया साँग'देखील आहे. हमेलनं लिहिलेलं. त्याला हिंदुस्थानात येऊन राहायचं आहे. कुठं, तर रानातल्या पांढऱ्या प्रशस्त घरात, हाती जिन-टॉनिक, समोर पियानो! गाणं गोड आहे. पण माझ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वास्तव्यात मला असा हिंदुस्थान लागलेला नाही. केवायसीचे कागद घेऊन रांगेत उभा असलेला एकही माणूस त्या गाण्यात दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतकी चांगली रेकॉर्ड, मग चालली का नाही? समीक्षकांनी पाडली म्हणावं तर तसंही नाही. 'बिलबोर्ड'सारख्या धंद्याच्या साप्ताहिकानं लिहिलं, की यातलं कुठलंही गाणं सुटं काढलं तरी चालेल. लोकांना आवडली नाही म्हणावं, तर लोकांनी ती ऐकायला तर हवी! खरी गोष्ट अशी, की माल दुकानात पोचलाच नाही.

इथून पुढं गोष्ट संगीताची राहत नाही, आमच्या धंद्याची होते. आर्डेंटच्या रेकॉर्डी विकायचं काम 'स्टॅक्स' या मेम्फिसच्याच कंपनीकडं होतं. स्टॅक्स म्हणजे सोल संगीतातलं मोठं घराणं, ओटिस रेडिंग आणि आयझॅक हेझ यांचं. कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्डी कुठल्या रेडिओवर लावायच्या आणि कुठल्या दुकानात ठेवायच्या, हे त्यांना पाठ. पण चार गोरी पोरं गिटारी घेऊन बीटल्ससारखं गातात, त्यांचं काय करायचं ते कुणाला ठाऊक! पुरणपोळीच्या दुकानात केक ठेवल्यासारखं झालं. लोक रेडिओवर एखादं गाणं ऐकून दुकानात जात आणि हात हलवत परत येत. तेवढ्यात स्टॅक्सनं कोलंबियाशी, म्हणजे सीबीएसशी, करार केला. कोलंबियानं जुने छोटे वितरक बाजूला सारले आणि दुकानांत जे काही थोडे नग होते, तेही गेले. आमच्या बँकेत 'सीबीएस' म्हणजे कोअर बँकिंग. ते आलं तेव्हा आमच्याकडंही तीन दिवस खातेदारांची शिल्लक दिसत नव्हती, पण चौथ्या दिवशी दिसली. या बिचाऱ्यांची शिल्लक दिसायला वीस वर्षं लागली. पहिल्या फेरीत दहा हजारसुद्धा रेकॉर्डी खपल्या नाहीत.

आणि स्टॅक्सचं मूळ तरी काय? जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्सटन, दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून केलेलं नाव. जिम बँकेत नोकरीला! बहीणही बँकेत, 'युनियन प्लँटर्स'मध्ये! तिनं राहतं घर गहाण टाकून भावाला टेप मशीन घेऊन दिलं. हे वाचून मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. बँकेतला माणूस फक्त 'उद्या या' एवढंच म्हणू शकतो, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण पुढची नोंदही वाचा. १९७५ च्या डिसेंबरात स्टॅक्सचं दिवाळं वाजलं, आणि थकलेल्या कर्जापायी कंपनीच्या मानगुटीवर बसलेली बँक कोणती? तीच, बहिणीची युनियन प्लँटर्स. सिनेमाचं जुनं थिएटर घेऊन त्यात थाटलेला तो स्टुडिओ बँकेनं १९८१ साली एका चर्चला दहा डॉलरना देऊन टाकला. दहा डॉलर! आमच्याकडं एवढ्याला लॉकरची हरवलेली किल्लीसुद्धा करून मिळत नाही.

रेकॉर्ड पडली ती ख्रिस बेलच्या जिव्हारी लागली. १९७२ संपता संपता तो मंडळी सोडून गेला. पुढल्या वर्षी मेच्या सुमारास मेम्फिसमध्ये रॉकवर लिहिणाऱ्यांचा मेळावा भरला, निमित्त त्यांची युनियन काढण्याचं. (युनियन निघाली नाही. आमच्या जोशीसाहेबांना पाठवायला हवं होतं.) तिथं उरलेल्या तिघांनी वाजवलं आणि ती टीकाकार मंडळी म्हणे चक्क नाचली. पण टीकाकार रेकॉर्डी विकत कुठं घेतात, त्यांना फुकट मिळतात. बेल पुढं घरच्या हॉटेलात काम करू लागला. २७ डिसेंबर १९७८ रोजी त्याची मोटार खांबावर आदळली, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी चिल्टनचा वाढदिवस होता. स्वतः चिल्टननं न्यू ऑर्लिन्सला जाऊन काही दिवस भांडी घासली, झाडं छाटली. आणि नेमक्या त्याच काळात 'आर.ई.एम.'सारखी नवी पोरं, आम्ही हे ऐकून शिकलो, असं सांगू लागली. 'द रिप्लेसमेंट्स'नी तर १९८७ साली 'अ‍ॅलेक्स चिल्टन' नावाचं गाणंच केलं. १९९८ पासून 'इन द स्ट्रीट' एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत झालं, दुसऱ्यांच्या आवाजात. मालिकेचं नाव 'दॅट सेव्हंटीज शो', आणि दर भागामागं मला सत्तर डॉलर मिळतात, असं चिल्टननं सांगितलं होतं. यातली गंमत त्याच्या ध्यानात आली होती. २०१० साली मार्चमध्ये तो गेला, जुलैत हमेल गेला.

हे सगळं मी एवढ्या तपशिलानं का सांगतोय? तर आमच्या माळ्यावर ३५७ कॅसेटी आहेत.

आमच्या दादानं १९९६ साली भावगीतांची एक कॅसेट काढली होती. चाली त्याच्या, आवाज त्याचा. पाचशे नग. अण्णांनी त्यासाठी पतपेढीतून पंधरा हजारांचं कर्ज काढलं. स्टेशनरोडच्या एका वितरकानं शंभर नेल्या, बारा विकल्या, आणि मग पेजरचा धंदा सुरू केल्यावर बाकीच्या रिक्षात घालून परत पाठवल्या. रिक्षाचं भाडं आम्ही दिलं. नातेवाईक, सोसायटीचा गणपती वगैरे धरून सगळ्या मिळून १४३ गेल्या. कर्ज फिटायला तीन वर्षं लागली. घरात त्याविषयी कुणी कधी अवाक्षर काढलं नाही, त्यामुळं ते सगळ्यांना सतत ऐकू येई. दादानं पेटीवर कापड घातलं ते घातलंच. आता, ती कॅसेट 'नंबर वन रेकॉर्ड'च्या तोडीची आहे असं मी म्हणणार नाही, सख्खा भाऊ असलो तरी. सहा गाणी बेताची आहेत. पण दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, पावसाचं, ते मात्र कुणीतरी ऐकायला हवं होतं.

गेल्या रविवारी दादा आणि वहिनी जेवायला आले होते. दंडक मोडून मी 'एल गुडो' लावलं. दादानं डोळे मिटून ऐकलं. बोटं टेबलावर ठेका धरत होती, आणि शब्द कळत नसतानाही एका जागी त्यानं बरोबर दाद दिली. मग मी माल न पोचल्याची कथा सांगितली.

"किती खपल्या म्हणालास?" दादानं विचारलं.

"दहा हजारांच्या आत."

"आणि तेव्हा अमेरिकेची वस्ती?"

"एकवीस कोटींच्या आसपास."

दादानं पेपरच्या कडेला पेन्सिलीनं आकडेमोड सुरू केली. "म्हणजे एकवीस हजार माणसांमागं एक. आपल्या गावची वस्ती तेव्हा होती तीन लाख, आणि आपल्या गेल्या एकशे त्रेचाळीस. म्हणजे एकवीसशे माणसांमागं एक." त्यानं पुन्हा एकदा ताडून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, आपण दसपट पुढं होतो की!"

"त्यातल्या अकरा माझ्या माहेरी आहेत," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "वरचा कागदसुद्धा फाडलेला नाही."