ठिपका

रेड डॉट म्हणजे काय, हे आमच्या चकलांब्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पारावर मोबाईलमध्ये मान घालून बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा. 2020 च्या सप्टेंबरात पबजी बंद झालं, पुढच्या वर्षी बीजीएमआय आलं, पण बंदुकीवर चढवायचा तो लाल ठिपका तोच राहिला. म्हणून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, पुण्यातून येताना एक रेड डॉट घिऊन ये," तेव्हा मला वाटलं गेममध्ये पैसे टाकायचे असतील.

त्याला खरा हवा होता.

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. 451.4 हा त्याचा आकडा आमच्या भावाला स्वतःच्या बारावीच्या टक्क्यांपेक्षा पक्का पाठ आहे. त्यानंतर कापूस वेचणीचे आणि कुठकुठले पैसे साठवून त्यानं एक एअर रायफल घेतली. स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची, तीन किलोच्या आतली.

बीड जिल्ह्यात घरात बंदूक आणायला एक तर धीर लागतो, नाही तर मस्ती. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्यानंतर आमच्याकडच्या शस्त्रपरवान्यांची राज्यभर चर्चा झाली, काही परवाने रद्दही झाले. पुण्यात ऑफिसमध्ये मी बीडची म्हटलं की अजून लोक एक सेकंद थांबतात. अण्णांना तर ती रायफल घरात नकोच होती. मी त्यांना नियम सांगितला, की 4.5 मिलिमीटरची आणि 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लांबून बघणाऱ्याला ज्यूल दिसतेत का?" ठाणं गावातच आहे आमच्या. शेवटी तडजोड झाली. रायफल वाड्याच्या बाहेर न्यायची नाही, तिच्यासोबत फोटो काढायचा नाही, आणि आईची एक अट, होल्या-चिमण्यांवर धरायची नाही.

दुकानदार वयस्कर होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कशावर बसवायचाय? किती लांबून मारणार? कोण मारणार? पहिल्या दोन्हींची उत्तरं माझ्याकडे होती. तिसऱ्याला मी "भाऊ" म्हणाले, आणि ते "बरं" म्हणाले.

साध्या बंदुकीत मागची खाच, पुढची माशी आणि निशाण, या तिन्हींना एका रेषेत आणायचं असतं. डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. माशीकडे बघितलं की निशाण धूसर, निशाणाकडे बघितलं की माशी पुसट. रेड डॉटमध्ये खाली एक बारीकसा एलईडी असतो. समोरची काच किंचित वक्र असते आणि तिचा मुलामा तेवढा लाल प्रकाश परत डोळ्याकडे पाठवतो, तोही असा समांतर, की ठिपका काचेवर न दिसता दूर निशाणाजवळ टेकल्यासारखा दिसतो. बाहेर काही पडत नाही. सिनेमातला लेझर वेगळा, तो समोरच्याच्या छातीवर दिसतो. हा फक्त बघणाऱ्याला दिसतो. मूळ कल्पना 1900 सालची, डब्लिनमध्ये दुर्बिणी बनवणाऱ्या हॉवर्ड ग्रब यांची. एलईडी त्यात पुष्कळ नंतर आला.

दुकानात मला सगळ्यात देखणा वाटला तो उघड्या काचेचा, नखाएवढा. काकांनी विचारलं, गाव कुठलं? सांगितल्यावर त्यांनी तो बाजूलाच ठेवला. उघड्यात धूळ एलईडीवर बसते, मग ठिपका मळतो. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचं फुसकं, दोन्ही डबा उघडायच्या आत भाकरीवर बसतात. म्हणजे बंद नळीचा घ्यायचा. मग ठिपक्याचा आकार. तो एमओएमध्ये मोजतात. 1 एमओए म्हणजे 10 मीटरवर साधारण 2.9 मिलिमीटर. 4 एमओएचा ठिपका त्या अंतरावर जवळजवळ 12 मिलिमीटर झाकतो, शर्टाच्या बटणाएवढा. स्पर्धेत 10 मीटरच्या एअर रायफलच्या निशाणावर दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर! मी तिथूनच भावाला फोन केला, की अरे, यानं तू दहा कसे मारणार? तो म्हणाला, "स्पर्धेत हे चालतच नाही ताई, तिथं भोकाचं साइट लागतं." मग कशाला हवाय? थोडा वेळ काही बोलला नाही. "त्यानं नेम लवकर लागतोय म्हणतेत."

ते वाक्य मी सोडून दिलं. तिथं थांबायला हवं होतं.

2 एमओएचा घेतला. स्प्रिंगच्या रायफलला दोन झटके असतात, आधी मागे, मग पिस्टन आदळला की पुढे, आणि हलकी रायफल ते जास्तच देते. असे उलटसुलट झटके सोसणारा हवा, नाही तर महिन्यात आतून सुटतो, हे काकांनीच सांगितलं. एक चूक मात्र माझी. एअर रायफलवर 11 मिलिमीटरची खाच असते, बऱ्याचशा रेड डॉटचा पाया रुंद, वीसेक मिलिमीटरच्या पट्टीसाठीचा. मधला जोड मी घेतलाच नाही. तो कुरियरनं यायला आठ दिवस लागले आणि तेवढे दिवस भावानं मला फोनवर सुखानं जगू दिलं नाही.

दिवाळीत गेले तेव्हा वाड्याच्या भिंतीला मातीनं भरलेली पोती लावून त्यानं जागा केली होती. साइट बसवली, मी बटण दाबलं, त्यानं डोळा लावला. आणि खाली ठेवली.

"फसवलं तुला. ठिपका फाटलाय."

मी बघितलं. गोल होता. तो म्हणाला, शेपूट दिसायलंय, धूमकेतूसारखं. उजेड कमी केला तरी तेच. मी मोबाईलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका टिकलीसारखा गोल. मग साइट सोडवून हातात फिरवली, त्याचं शेपूट जागचं हललं नाही. त्यानं मान तिरकी केली, तर शेपूट मानेबरोबर फिरलं.

साइट चांगली होती.

पोरगा पहाटे चारला उठून रस्त्यावर 1600 मीटर पळतो, पोलीस भरतीसाठी. दोन वर्षं. आईला सांगतो, अभ्यासानं डोकं दुखतं. फळ्यावरचं मागून दिसत नाही म्हणून बारावीभर तो पहिल्या बाकावर बसला आणि आम्ही त्याला हुशार समजलो. माशी धूसर दिसते म्हणून त्याला लाल ठिपका हवा होता. चष्मा लागला तर भरती गेली, असं त्याला कुणी मित्रानं सांगितलं होतं, आणि त्यानं ते जाहिरात उघडून तपासलंही नव्हतं. तपासलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना.

गेवराईला डोळे तपासले. उजव्याला सिलिंडरचा नंबर पावणेदोन. बाहुलीवरचा पडदा सगळीकडून सारखा गोल नसला की असं होतं, ठिपक्याची रेघ होते. काच करायला टाकली. परतताना गाडीवर मागून त्याला म्हटलं, जाहिरात आज रात्री दोघं मिळून वाचू. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

घरी अण्णा पोत्यांसमोर रायफल घेऊन बसलेले. त्या रायफलला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. पन्नाशीनंतर त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, माशी काय दिसणार. पण हा ठिपका जवळ नसतोच, लांबच दिसतो, आणि लांबचं त्यांना अजून विहिरीपलीकडच्या म्हशीच्या शिंगापर्यंत दिसतं.

"गोल हाय की रे," ते भावाला म्हणाले. "छर्रा कुठंय?"