ढेपेचा भाव

27 ऑक्टोबर 2025, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. बार्शीटाकळीहून एसटीत उभ्यानंच अकोला गाठलं. मॅनेजेरियल इकॉनॉमिक्सच्या तासाला सरांनी मागणीची लवचिकता काढली. पुस्तकातलं उदाहरण चहा-कॉफीचं: कॉफी महागली की लोक चहाकडे वळतात. वळत असतील. चहा महागला म्हणून कॉफीवर गेलेला माणूस आमच्या गावात तरी मी पाहिलेला नाही.

ढेपेचं मात्र बाबांच्या दुकानात बसून रोज पाहते. सरकी ढेप वाढली की म्हशीवाले आधी कुरकुरतात, मग एखादं पोतं तूर चुरीचं नेतात आणि थोड्याच दिवसांत ढेपेवर परत येतात. दुधाची फॅट उतरलेली असते, आणि डेअरीवर पैसे फॅट पाहूनच मिळतात. पुस्तक म्हणतं, वेळ मिळेल तशी मागणी जास्त लवचिक होते. आमच्या गल्ल्यावर उलटं दिसतं: पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक हलतं, महिन्याभरात जागेवर येतं. सरांना विचारलं. ते म्हणाले, "आकडे ठेवा, मग बोलू." बरोबर बोलले.

2 नोव्हेंबर, रविवार

दुपारी दुकानात गर्दी नव्हती. संयुक्त उत्पादनांचं प्रकरण वाचलं. अभ्यासक्रमात ते दोनच पानांत उरकलंय, पण आमचं घर त्या दोन पानांवर चालतं.

क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण 34 किलो रुई निघते, 64 किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. सरकी ऑइल मिलमध्ये गेली की तेल थोडकंच निघतं, बाकी बहुतेक ढेप. आता ढेपेचा उत्पादन खर्च किती? प्रश्नच चुकीचा आहे. मार्शलनं 1890 मध्येच मांडून ठेवलंय की एकाच प्रक्रियेतून दोन वस्तू ठरलेल्या प्रमाणात निघत असतील तर प्रत्येकीचा वेगळा खर्च काढता येत नाही. वाटून दाखवता येतो, पण ती नुसती हिशेबाची सोय.

त्यातून निघणारी गोष्ट जास्त महत्त्वाची. ढेप कितीही महागली तरी ढेपेसाठी कोणी कपाशी पेरत नाही. गिऱ्हाईक वाढलं म्हणून माल वाढत नाही, पेरा ठरतो तो कापसाच्या भावावर. केंद्रानं 19 ऑगस्टला आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. सगळी चर्चा शेतकऱ्याला काय भाव मिळेल याची, आणि ती व्हायलाच हवी. पण बाहेरून येते ती रुईची गाठ. सरकी तिच्या देशातच राहते. म्हणजे सूतगिरणीला कापूस मिळाला तरी आमच्या म्हशीच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही. उलट रुई पडली की जिनिंगवाला सरकीतून कसर काढायला बघतो. हे पुस्तकात नाही, पण त्याच प्रकरणातून सरळ निघतं. समासात लिहून ठेवलं.

6 नोव्हेंबर, गुरुवार

वर्गातल्या एकानं मोबाइलवर एनसीडीईएक्स या वायदेबाजारातला सरकी ढेपेचा वायदा दाखवला. सौदा 10 टनांचा. आणि त्याच्या चिन्हातली शेवटची तीन अक्षरं अकोल्याची! पुण्या-मुंबईच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटेल.

सोयाबीनचा वायदा 20 डिसेंबर 2021 पासून सेबीनं बंद ठेवलाय. मुदत वाढत वाढत 31 मार्च 2026 पर्यंत आली. वायदा बंद केलेल्या सात मालांत ढेप नव्हती, म्हणून ती चालू. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "सोयाबीनवाल्याले पुढचा भाव दिसत नाई अन् ढेपवाल्याले दिसते. दिसून करता काय? दहा टन ठेवाले जागा कुठी हाय?" बाबा वायद्यात पडत नाहीत, पण अकोल्याच्या व्यापाऱ्याला फोन लावून वायद्याचा बोर्ड काय म्हणतो ते विचारतातच.

11 नोव्हेंबर, मंगळवार

सरकारसाठी कापूस घेणाऱ्या सीसीआयचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये. आधी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी, मग ओलावा: 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यावर परत. यंदा पाऊस इतका लांबला की कापूस अंगणात वाळत घातलेली घरं गल्लोगल्ली दिसतात. पैशाची घाई असलेला बारा टक्के व्हायची वाट पाहत नाही, खाजगीत देऊन मोकळा होतो.

आज नेमका तास एकमेव ग्राहकाच्या बाजारावर होता. जोन रॉबिन्सनचं 1933 चं पुस्तक, आकृती, वक्र. मला आकृतीत आजोबा दिसत होते. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, विकायचा तो सरकारलाच. चुकारे हप्त्यांनी, उशिरा. बाहेर भाव चढला की माल रात्री सीमा ओलांडून मध्य प्रदेशात जायचा. आजोबा ते हसत सांगत, जणू यात्रेला गेले होते. तरी भाव कोसळलेल्या वर्षांत हीच योजना आधाराला होती, हेही ते सांगत. आकृतीत ही भाव कोसळलेली वर्षं बसत नाहीत.

19 नोव्हेंबर, बुधवार

परीक्षेचं वेळापत्रक लागलं. दिवसभर सीमांत खर्चाची गणितं. लिहिण्यासारखं काही नाही.

23 नोव्हेंबर, रविवार

प्रकल्पासाठी विषय मिळाला: किंमतभेद. पिगूनं 1920 मध्ये त्याच्या तीन पायऱ्या केल्या. बाकीच्यांनी विमानाची तिकिटं आणि सिनेमागृहं घेतली. मी दुकान घेतलं.

फळ्यावर ढेपेचा भाव एकच लिहिलेला असतो. रोखीनं नेणारा, डेअरीच्या पगारावर देणारा आणि कापूस विकल्यावर देणारा, तिघांनाही पोतं त्याच भावात. व्याज बाबा लावत नाहीत. म्हणजे तिघांना पोतं पडतं वेगवेगळ्या किमतीला. मी हे समजावून सांगितलं. बाबांना राग आला.

"माणूस पाहून भाव नाई करत मी. माणूस पाहून मुदत देतो."

"तेच तर म्हणते मी."

"तेच नाई वं बाई. भाव सांगतला का सांगतला. मुदत मांगा लागते, अन् मांगणाऱ्याचं घर मले मालूम असते."

यात बाबांचा मुद्दा पक्का आहे. विमान कंपनी गिऱ्हाईक किती देऊ शकतं याचा अंदाज बांधते, बाबांना ते आधीच माहीत असतं: कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या घरी लग्न. आणि कंपनी जास्तीत जास्त काढायला बघते, बाबा फक्त बुडू नये एवढं पाहतात. नफा कमाल करणारा व्यवस्थापक गृहीत धरून सगळं पुस्तक लिहिलंय. उधारीची वही मात्र प्रकल्पाला द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "लोकायचे नावं हायेत त्यात." नावं वगळून मुदतीचे महिने तेवढे उतरवू द्या म्हटलं, तर स्वतः वाचून सांगतो म्हणाले.

1 डिसेंबर, सोमवार

नव्या सरकीची ढेप आली, भाव नरमला. गोदामात जुना माल आहे, चढ्या भावात घेतलेला. पुस्तकाप्रमाणे घेतलेला भाव म्हणजे बुडीत खर्च. आजच्या भावात विका, मोकळे व्हा. बाबा म्हणतात, गेल्या महिन्यात जुन्या भावात उधार नेलेला माणूस आज फळा वाचेल, त्याचं काय?

शेवटी ठरलं ते असं: फळ्यावर आजचा भाव. ज्यांची उधारी बाकी आहे, त्यांनी पंधरवड्यात चुकती केली तर शेवटच्या पोत्याला तोच भाव. थकलेले पैसे लवकर येतील, असा माझा हिशेब. कोणी बोलायचं नाही, एवढाच बाबांचा. अकोल्याला फोन करून नव्या मालाची अर्धीच गाडी सांगितली.