यात काहीच नाही!

‘नाही’ या शब्दाला एके काळी बाजारात किंमत नव्हती. दुकानदाराने ‘नाही’ म्हटले की गिऱ्हाईक निमूटपणे पुढच्या दुकानाची पायरी चढे. हल्ली मात्र माल खपतो तो त्यात काय आहे यावर नव्हे, तर काय नाही यावर! कुकीज नावाच्या नव्या बिस्किटांचा एखादा पुडा हाती घेऊन पाहा. मैदा नाही, ग्लुटेन नाही, दूध नाही, अंडे नाही, कोलेस्टेरॉल नाही. वैराग्याची एवढी मोठी यादी एखाद्या संन्याशालाही सांगता आली नसती.

आमच्या सक्करदऱ्यात असे पुडे यावेत याची मला मोठी मौज वाटते. नावातच साखर घेऊन बसलेली ही वस्ती! इकडे भोसल्यांच्या काळची आठवण सांगणारा तलाव, तिकडे चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, आणि मध्ये बुधवारच्या बाजाराची झुंबड. त्या बाजारातून परतताना मी एका दुकानात शिरलो आणि माझी गरज सांगितली. दुकानदाराने एक देखणा पुडा पुढे केला व मोठ्या अभिमानाने म्हटले, “घेऊन जा जी काकाजी, यात काहीच नाही!”

मला तो पुडा हौसेखातर नको होता. माझ्या आठ वर्षांच्या नातीला सिलिअ‍ॅक नावाचा विकार आहे. गहू, जव यांतले ग्लुटेन पोटात गेले की तिच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते, आणि मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. वजन वाढेना, रक्त कमी, चेहरा फिकट. पुष्कळ दिवसांनी निदान झाले. यावर औषध एकच : गहू जन्माचा वर्ज्य. तेव्हा पुड्यावरचे ‘ग्लुटेनमुक्त’ हे अक्षर तिच्यासाठी फॅशन नव्हे, अभयवचन आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असेल, तर आपल्याकडे ते अक्षर छापता येत नाही.

या दोन नव्या शब्दांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. सारा देश उपाशी असताना या विकाराची मुले मात्र सुधारू लागली, आणि विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावरचा जुना संशय पक्का झाला. योग असा, की त्याच १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी, दूध व अंडीही न खाणाऱ्यांसाठी ‘व्हीगन’ हा शब्द काढला. एका शब्दामागे रोग्याची गरज, दुसऱ्यामागे मुक्या प्राण्यांची कणव. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही आदराच्या. पण बिस्किट पौष्टिक असल्याची हमी या दोघांपैकी कोणीच दिलेली नाही. ती आपण परस्पर गृहीत धरतो!

म्हणून मी पुडा उलटा केला. पुड्याचे तोंड दुकानदाराचे असते. पाठ आपली असते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे तेथे फारसे लपत नाही. माझ्या पुड्यावर पहिले तांदळाचे पीठ, दुसरी साखर, तिसरे पामतेल. मग मक्याचा आणि टॅपिओकाचा स्टार्च. टॅपिओका म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच कंद! नाचणी होती, पण पार शेवटाकडे. चित्रात मात्र तीच पुढे.

आकड्यांत सांगायचे तर, शंभर ग्रॅमला ४८२ किलोकॅलरी, २२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, त्यांतले १० ग्रॅम संपृक्त, वरून घातलेली साखर २४ ग्रॅम. आणि प्रथिने अवघी ५ ग्रॅम. चार कुकीज म्हणजे ५० ग्रॅम. त्यांत साखर १२ ग्रॅम, म्हणजे अडीच-तीन चमचे, आणि प्रथिने अडीच ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत प्रथिने बारा ग्रॅमच्या आसपास असतात, आणि ते शेंगदाणे आपल्या नावापुढे कसलीही पदवी लावीत नाहीत. ‘कोलेस्टेरॉल नाही’ हे तर वनस्पतीच्या पदार्थात असायचेच. नारळात हाड नाही असे सांगण्यापैकी ते झाले.

असे का व्हावे? गव्हातल्या प्रथिनांचा मोठा वाटा म्हणजेच ग्लुटेन. कणकेला जी ओढ येते ती त्याचीच. ते काढून टाकले की पीठ भुसभुशीत होते. मग त्याला धरून ठेवायला स्टार्च, डिंक आणि तेल लागते. चोथा, लोह, कॅल्शियम यांचे आकडे छापणे सक्तीचे नाही, म्हणून पुडा त्यांविषयी मौन पाळतो. माझ्या नातीला तर नेमके तेच हवे आहे.

आपल्या आयुर्वेदात ‘पथ्य’ म्हणजे हितकर, खावे असे अन्न. टाळायचे ते अपथ्य. बोलण्यात मात्र आपण पथ्याला ‘काय खायचे नाही’ एवढाच अर्थ उरू दिला. पुड्यावर नेमका हाच अर्धा अर्थ छापलेला आहे! उरलेला अर्धा घरातच शोधावा लागतो, आणि आम्हा वैदर्भीयांना तो फार दूर शोधावा लागत नाही. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि तेवढाच चोथा. नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. दिवाळीच्या फराळातली चकलीची भाजणी, बेसनाचा लाडू, पोह्यांचा चिवडा, अनारसे, यांत गहू मुळातच नाही.

मात्र घरचे म्हणून डोळे मिटूनही चालत नाही. डबीतल्या हिंगात बहुधा कणीक मिसळलेली असते. गिरणीत गव्हामागून दळलेल्या ज्वारीत गहू येतोच. शंकरपाळ्यांच्या तेलात चकली तळली, की तीही बाधते. या बाबतीत पुड्याचा शब्द घरच्या डब्यापेक्षा खात्रीचा, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. सूनबाईने म्हणून घरघंटी घेतली, शुद्ध हिंगाचे खडे आणले. प्रवासात, शाळेतल्या वाढदिवसाला, दोन कुकीज नातीच्या डब्यात जातात. खाऊ म्हणून, जेवण म्हणून नव्हे.

राहता राहिली एक गोष्ट, जी कोणत्याच पुड्यावर छापलेली नसते. सगळ्यांसमोर करंज्या आणि आपल्यासमोर पुडा, हे आठ वर्षांच्या पोरीला फार लागते. सूनबाईने ते ओळखले आणि यंदा साऱ्या घराचाच फराळ बिनगव्हाचा करायचे ठरवले. “करंजीवाचून दिवाळी कसली?” आमच्या ताई रागावल्या, मग त्यांनीच पदर खोचून तांदळाच्या उकडीच्या करंज्या केल्या. ओढ धरायला ग्लुटेन नव्हते, निम्म्या कढईतच फुटल्या. पाडव्याला सारी मुले रांगेने बसली. नातीने हळूच शेजारच्या पानात डोकावून पाहिले. तिथेही फुटकी करंजीच होती. मग ती जेवू लागली.