बाळंतिणीचा शेक

धरमतर, २१ डिसेंबर २०२३

ओट्यावर चांदणीचा कंदील टांगला. खाडीचा वारा त्याला घटकाभर स्वस्थ बसू देत नाही. शेजारच्या आत्या बघून गेल्या. "बाय, दिवाली कवाच झाली. ह्यो कंदील कशाचा?"

नाताळचा, म्हटलं. नाताळ म्हणजे जन्म, शब्द पोर्तुगिजांचा.

"जल्मून दोन हजार वर्सं झाली, तरी अजून बारसं?"

उत्तर सुचलं नाही. नगरला आमच्या आळीत हे कुणी विचारलंच नव्हतं. डिसेंबर लागला की ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर सुरू. आनंद कशाचा हे विचारायला सवड कुणाला!

२२ डिसेंबर

गव्हाण मांडली. पेंढा आत्यांच्याच अंगणातला, यंदाच्या भाताचा. मरिया, योसेफ, तीन मेंढ्या. बाळाची जागा चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी.

आत्या मांडी घालून बसल्या. बाळंतपण कुठं झालं? गोठ्यात. शिरगणतीसाठी मूळ गावी निघाले होते, उतरायला जागा मिळाली नाही.

"मंग बाईला शेक कोनी दिला? शेगडी कुठं हाय यात?"

नाही. आजवर पाहिलेल्या एकाही गव्हाणीत नव्हती. मागी लोक सोनं आणतात, ऊद आणतात, बोळ आणतात. बाळंतिणीची पाठ शेकावी हे कुणालाच सुचत नाही.

"जातीनं कोन?"

"यहुदी. पेणचे शनवार तेली होते ना, त्यांच्यातलाच म्हणा."

शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे. पेणकर, रोहेकर अशी आडनावं घेऊन १९४८नंतर बरेचजण इस्राएलला गेले. आत्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे वलखीतलाच."

२४ डिसेंबर, रात्री उशिरा

कोर्लईला मध्यरात्रीच्या मिस्साला गेलो. आम्ही प्रोटेस्टंट, तिथे पाहुणेच. माणसं चर्चबाहेर येताना आपसांत त्यांच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत बोलत होती. शेजारचं पोर्तुगिजांचं चौल १७४०मध्ये मराठ्यांकडे आलं. बोली राहिली ती राहिलीच.

परतताना मोबाइलवर बेथलेहेमची बातमी वाचली. गाझातल्या युद्धामुळे यंदा तिथे रोषणाई नाही, मिरवणूक नाही. एका ल्युथरन चर्चने गव्हाणीच्या जागी दगड-काँक्रीटचा ढिगारा रचलाय आणि बाळ त्यात ठेवलंय. रेवदंड्याच्या पुलावर गाडी आली तरी ते चित्र डोळ्यांपुढून हलेना.

मला आत्यांना हेच सांगायचं होतं बहुतेक. सगळं ठाकठीक आहे म्हणून हा आनंद नाही. तेव्हाही नव्हतं: परक्या बादशहाची शिरगणती, वाटेतलं बाळंतपण, मग हेरोदाच्या भीतीने तान्हं घेऊन मिसरात पळणं. पहिली वर्दी मिळाली तीही रात्रपाळीवरच्या मेंढपाळांना. वरून हुकूम सोडणारा देव लोकांना ठाऊकच होता. हा खाली आला, कुडकुडला. आता त्याला आपली थंडी कळते. आमचा आनंद एवढाच, पण तो दोन हजार वर्षं पुरलाय.

२५ डिसेंबर

सकाळीच आत्या हजर. डब्यात आळिवाचे सात लाडू. "पाच तुमाला, दोन बालंतिनीला." मग पदराच्या गाठीतून अंगठ्याएवढी शेगडी काढली. नातू हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आहे. त्याने रात्री शाडूची केली, निखाऱ्यांना लाल रंगही दिला. रंग अजून ओला होता, माझ्या बोटाला लागला.

रात्रीचं सगळं उत्तर तयार होतं. सांगायची गरज पडली नाही. केकचा मोठा तुकडा दिला. त्यांना तो फार गोड लागला.

२६ डिसेंबर

दत्तजयंती. पौर्णिमेचं उधाण, दुपारच्या भरतीला पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं होतं. तिन्हीसांजेला आत्यांबरोबर देवळात जाऊन पाळण्याची दोरी ओढली, सुंठवडा घेतला.

घरी येऊन शेगडी मरियेच्या पाठीशी सरकवली. गव्हाण सहा जानेवारीपर्यंत राहील.