हनुवटीवरचा कॅमेरा

पन्नाशी उलटल्यावर माणसाला नवे छंद लागू नयेत, असं आमच्या सौभाग्यवतींचं स्पष्ट मत आहे. मोटारसायकल हा माझा जुना छंद, म्हणून तो तिनं कसाबसा खपवून घेतला होता. पण गेल्या वर्षी पावसाळा सरताच मी कॅमेऱ्याच्या नादी लागलो, तेव्हा मात्र तिनं कपाळाला हात लावला.

आम्ही चौघे मित्र वर्षातून एकदा काशीदला जातो. भाऊच्या धक्क्यावर गाड्या बोटीत चढवायच्या, तासाभरानं मांडव्याला उतरायचं आणि अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई करीत काशीदच्या सुरूच्या बनात पोचायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्या बनातली कितीतरी झाडं आडवी झाली. राहिलेली पाहून यायची ओढ सर्वांत जास्त आमच्या मास्तरला. शाळेतून निवृत्त झाला, तरी आमच्यापुरता तो मास्तरच. या खेपेला सहलीचा चित्रपट काढायचं ठरलं आणि दिग्दर्शकपद मी आपण होऊन पत्करलं.

१८९९ साली सावेदादांनी मुंबईत हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, तेव्हा कॅमेरा एका जागी उभा होता आणि पैलवान हलत होते. आता सगळाच उलटा मामला! लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या निक वुडमन नावाच्या तरुणाला खेळता खेळता स्वतःची छायाचित्रं हवीशी वाटली आणि २००४ साली त्यानं मनगटाला बांधायचा कॅमेरा बाजारात आणला. त्याचेच वंशज आज हेल्मेटवर बसून गावोगाव हिंडताहेत.

पण तो बसवायचा कुठं? हँडलवर लावला, तर रस्ता, आरसे आणि आपले हात झोकात दिसतात. मात्र एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर चित्रात उतरते आणि सारी सृष्टी जेलीसारखी लटपटते. मोबाईलच लावावा म्हटलं, तर मोटारसायकलच्या थरथरीनं त्याच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असं अ‍ॅपल कंपनीनं २०२१ सालीच बजावून ठेवलेलं. हेल्मेटच्या माथ्यावर लावला, तर मनुष्य तुरा खोवलेल्या बँडवाल्यासारखा दिसतो आणि वाऱ्यानं मान ओढली जाते ती वेगळीच.

"बाबा, हनुवटीवर लावा," चिरंजीव म्हणाले. "तुम्ही जिकडं बघाल, तिकडं तो बघेल."

त्यानंच हेल्मेटची हनुवटी स्पिरिटनं पुसली, चिकटपट्टी दाबून बसवली आणि चोवीस तास हात लावायचा नाही, असा दम भरला. कॅमेरा निसटलाच तर रस्त्यावर पडू नये, म्हणून दोरीही बांधली. माझी हौस तेवढ्यानं भागेना. मी दुसरा कॅमेरा मागून आणला आणि खाली रबराची चकती घालून हँडलवर आवळला.

काशीदच्या अलीकडचं एक वळण. पुढं मी, मागं मास्तर. पुढच्यानं खड्डा, वाळू, गुरं दिसताच हातानं खूण करायची, हा आमचा जुना करार. वळणावर वाऱ्यानं वाळू आली होती. माझी गाडी किंचित डुलली आणि पार झाली. मागून मात्र घसरल्याचा आवाज आला. मास्तर आडवा पडला होता.

अलिबागला दवाखान्यात कळलं, हासळीचं हाड मोडलंय. "वाळूच ती, दिसणार कशी?" मी म्हणालो. मास्तरनंही मान डोलावली.

घरी आल्यावर रात्री मी दोन्ही चित्रफिती लावल्या. हँडलवरच्या फितीत वाळू दिसत होती. चांगली लांबून, लख्ख दिसत होती. आणि हनुवटीवरच्या फितीत त्याच क्षणी रस्ताच नव्हता. होतं हँडल, आणि हँडलवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा. तो चालू आहे की नाही, हे मी पाहत होतो. तीन सेकंद! ताशी चाळीसच्या वेगानं तेवढ्यात गाडी तेहेतीस मीटर जाते.

ते तीन सेकंद मी कापले.

पुढच्या रविवारी मास्तरच्या घरी चित्रपट दाखवला. सगळ्यांनी वाहवा केली. हात गळ्यात बांधलेला मास्तर तेवढा गप्प होता. मग म्हणाला, "माझं पडणं गाळलंस, ते बरं केलंस. पण अख्खं वळणच कसं रे गेलं?"

तीस वर्षं पोरांच्या उत्तरपत्रिका तपासलेला माणूस! मी मूळ फीत लावली. कोणी बोललं नाही. मास्तरनं ती पुन्हा एकदा लावायला सांगितली. वहिनी उठून आत गेल्या. चहा आला, तो त्यांच्या मुलीनं आणला. मास्तर एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेला पुढं मी."

हाड जुळलं. वहिनी माझ्याशी पूर्वीसारख्या बोलू लागल्या, पण त्याला संक्रांत उजाडावी लागली.

आता कोणी मला विचारतं, कॅमेरा कुठं बसवावा? मी सांगतो, हनुवटीवर बसवा, निघण्याआधी सुरू करा आणि गाडी थांबेपर्यंत विसरून जा. एखादी सहल टिपायची राहिली, तर राहू द्या.

ही दिवाळी झाली की आम्ही पुन्हा निघणार आहोत. हँडलवरचा कॅमेरा मी ज्याचा त्याला परत केला आहे. पुढं मास्तर असेल, त्याच्या मागं मी. माझ्या हनुवटीवरच्या कॅमेऱ्यात यंदा बहुधा समुद्र यायचा नाही, सुरूची झाडंही यायची नाहीत. सारा वेळ मास्तरची पाठच येईल. सौभाग्यवती म्हणतात, "तेवढी नीट आली, तरी पुष्कळ झालं."