मास्तरबाबांचा दगड

मराठी माणसाला आपले पूर्वज शोधायचे असले तर दोन वाटा हमखास सांगितल्या जातात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्या ही एक आणि छापील कुलवृत्तांत ही दुसरी. या दोन्ही वाटा ज्यांच्या दारापर्यंत कधी आल्याच नाहीत अशा घरांविषयी मात्र कुणी काही सांगत नाही. आमचे घर त्यांतले. नेवासे तालुक्यातल्या एका गावच्या महारवाड्यातून आमचे मूळ निघते. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच परिसरात आमच्या घरातला वाचू शकणारा पहिला माणूस निपजायला पुढे साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ लागला.

हा माणूस म्हणजे माझ्या पणजोबांचे वडील. घरात त्यांना 'मास्तरबाबा' म्हणतात आणि येथेही तेवढेच नाव पुरे. 'मास्तर' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. त्या काळी गावच्या शाळेतल्या ब्राह्मण शिक्षकाला 'पंतोजी' म्हणत. तो शब्द मास्तरबाबांना कुणी दिला नसता. त्यांच्यासाठी भाषेने बाहेरून नवा शब्द आणला.

हिंदू रीतीत देह अग्नीला दिला जातो, मागे काही उरत नाही. समाधी आणि वीरगळ थोरांचे किंवा लढणाऱ्यांचे. सामान्य माणसाच्या नावाचा दगड ही आमच्याकडे ख्रिस्ती झाल्यानंतर आलेली गोष्ट. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे केले १८३१ मध्ये, आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' येथूनच निघू लागला. नगरच्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानांतून हिंडताना मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार दिसतो : चार ओळींचे चरित्र. नाव, हुद्दा, वर्ष, वय. कधी 'प्रभूमध्ये निजला'. ही अक्षरे बालबोध आहेत हेही लक्षात घ्यावे. रोजचा व्यवहार तेव्हा मोडीत चाले. बालबोध मिशनच्या छापील पुस्तकांतून घरोघर गेली. पाथरवटाने छिन्नीखाली धरलेला कित्ता छापखान्यातून आलेला असावा, असे काही दगडांवरच्या अक्षरांची ठेवण पाहून वाटते.

मास्तरबाबांचा दगड काळ्या पाषाणाचा आहे. दुपारी तो वाचता येत नाही. सकाळी सातच्या सुमारास तिरपे ऊन पडले की अक्षरांच्या कडा सावली धरतात. (चुना किंवा पावडर फासून अक्षरे उठवण्याची हौस काहींना असते, तिने दगड लवकर मरतो.) त्यावर नाव आहे, 'शाळामास्तर' आहे, सन १९०४ आणि वय ६१.

या दोन आकड्यांनी माझ्यापुढे एक जुने भांडण नव्याने उभे केले. गावात आमच्या घराविषयी पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य बोलले गेले, की हे दुष्काळात भाकरीसाठी बाटले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार-मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, हा इतिहास आहे. आत्याच्या तोंडची कथा मात्र वेगळी. ती म्हणे, बाबा लहानपणीच शिकले, मडमेने पाटी दिली, दुष्काळाचा आणि आपला काही संबंध नाही. दगडाच्या हिशोबाने त्यांचा जन्म १८४३ च्या आसपासचा, म्हणजे दुष्काळात ते तेहतीस-चौतिशीचे. शाळेत गेले असतील तर १८५० च्या दशकात. आत्याची कथा शक्य कोटीतली ठरली, एवढेच. पुढे मंडळीच्या जुन्या वहीत त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. वर्ष १८७८. व्यवसाय : शाळामास्तर.

म्हणजे गावही खरे, आत्याही खरी. शिक्षण दुष्काळाच्या आधीचे, धर्मांतर दुष्काळातले. आमच्या घरात ही नोंद फारशी आवडली नाही. मला ती आवडली. उपाशी माणसाने घेतलेला निर्णय आपोआप खोटा ठरतो, असे पोट भरलेल्यांनीच ठरवलेले असते. शिवाय येथे भाकरीचा अर्थच उलटा होतो. वतनी महाराला येसकरी आणि पडेल ते गावकाम करून संध्याकाळी घरोघर भाकरी मागण्याचा 'हक्क' होता. गाव ज्याला बलुते म्हणे, ते हेच. मास्तरबाबांनी गाव सोडले, पगाराची नोकरी धरली आणि हा हक्क भावांकडे गेला. त्यांनी भाकरी घेतली असेल, पण त्याआधी एक भाकरी सोडली होती.

हे मला आमच्या ख्रिस्ती नातलगांपैकी कुणी सांगितले नाही. गावी राहिलेली भावकी १९५६ नंतर बौद्ध झाली. तिच्या आठवणीत मास्तरबाबांचा धर्म जवळजवळ नाहीच. 'आपल्यातला येसकरी टाकणारा पहिला' एवढीच त्यांची ओळख. एकाच माणसाच्या दोन शाखांनी त्याची दोन टोके सांभाळली आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे 'स्मृतिचित्रे' आठवल्यावाचून राहणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या त्या ग्रंथात नगर आहे, राहुरी आहे, आणि जातीचा विटाळ मनातून हळूहळू गळून पडण्याची मराठीतली सर्वांत प्रामाणिक हकिकत आहे. पण ती विटाळ मानणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली. ज्याचा विटाळ होत होता, त्याने त्या पंगतीत बसून काय पाहिले ते कळायला आपल्याजवळ दगड, वह्या आणि आत्या एवढेच साधन उरते.

आत्याच्या साक्षीविषयी एक शंका मात्र नोंदवली पाहिजे. तिची 'मडम' माझ्या चुलतभावंडांच्या तोंडी आता 'फॅरारबाई' झाली आहे. सिंथिया फॅरार १८३९ मध्ये नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये येथेच वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही त्यांचे नाव जोडले जाते. ही माहिती सर्वतोमुखी झाल्यापासून नगरच्या बऱ्याच घरांतल्या बिननावाच्या मडमेला तेच नाव मिळाले असावे. आत्याने ते कधी उच्चारले नव्हते. मी माझ्या टिपणात 'मडम' असेच ठेवले आहे.

बाबांच्या पत्नीचा दगड नाही. शेजारी एक उंचवटा आहे आणि तो तिचा, असे सांगतात. मंडळीच्या वहीतल्या त्या नोंदीत 'पत्नीसह' असा एकच शब्द आहे. आत्याला तिचे नाव आठवत नव्हते; पण ती चुलीपुढे बसून राखेत बोटाने अक्षरे गिरवायची, हे तिच्या आजीने तिला सांगितले होते.

२०२४ मध्ये शहराचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या दगडांवर अर्थातच अहमदनगर आहे. गेल्या हिवाळ्यात गावच्या भावकीतल्या एका तरुणाने दगडाचे छायाचित्र मागवले. 'नाव नाही दिसलं तरी चालेल, ताई,' तो म्हणाला, 'शाळामास्तर तेवढं नीट येऊ द्या.' साडेसातच्या उन्हात ते बरे आले आहे.